टाकीच्या तळाशी

प्रिय चिऊ,

पत्र बघून दचकू नकोस, तुझी आई आणि मी दोघंही ठणठणीत आहोत. फोनवर तू या विषयावर बोलू देत नाहीस, म्हणून हा खटाटोप. आई सांगत होती, तू नकाशे काढणं सोडलंस आणि ऑफिसात नुसते कागद तपासत बसतेस. वृद्धाश्रमाचा उन्हाळा वाईट गेला, त्याचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलंस. लहानपणी मी नळ जोडला की तोटी आधी तूच सोडून बघायचीस, आणि गळला तर मला ओरडायचीस. ती पोर कुठे गेली गं?

वृद्धाश्रमाच्या गच्चीवरच्या उन्हाने हिवाळ्यात खोल्या उबदार करायच्या आणि उन्हाळ्यात त्याच उन्हाने गार, असं तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा माझी हसून मुरकुंडी वळली होती. तू न चिडता समजावलंस, की पाणी चांगलं कढत झालं की त्याच्या उष्णतेवर गारव्याचं यंत्र चालतं. गच्चीवर पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या आणि टाकी बसवायचं काम तू हट्टाने मलाच दिलंस. केवढा मिरवलो मी! हिवाळा छान गेला. उन्हाळ्यात मात्र यंत्र ढिम्म. म्हातारी माणसं ओले पंचे गळ्यात टाकून बसली आणि तू तुझ्या ऑफिसच्या साहेबांसमोर मान खाली घालून म्हणालीस, "माझं गणित चुकलं." मी शेजारीच उभा होतो.

परवा नळ्या पुसायला वर गेलो होतो. काल दुपारच्या उन्हात गारव्याचं यंत्र सुरू झालं. तासाभराने खालच्या हॉलमधल्या एका आजींनी शाल मागितली आणि मला रडूच फुटलं.

तुझं गणित बरोबर होतं, बाळा. तापमान मोजणारी वायर तू नकाशात टाकीच्या वरच्या अंगाला दाखवली होतीस, कढत पाणी जमतं तिथे. मी ती तुला न विचारता तळाशी लावली. अंघोळीच्या पाण्याच्या टाक्यांना तीस वर्षं तशीच लावत आलोय. म्हटलं, पोरीला काय कळतंय. तळाचं पाणी कोमट, म्हणून यंत्र वाट बघत बसायचं. परवा ती वायर दिसली, चूक उमगली आणि तिथल्या तिथे ती काढून तुझ्या नकाशाप्रमाणे वर लावली. आज साहेबांना सगळं सांगून आलो. तुझा नकाशा त्यांनी पुन्हा टेबलावर घेतलाय. हवं तेवढं रागाव, पण उद्या पेन्सिल हातात घे. पुढच्या कामाला मला बोलावलंस, तर वायर तू म्हणशील तिथेच लावीन.

तुझाच,
दीडशहाणा बाबा