कोल्हापूरच्या वऱ्हाडासाठी जळगाव

९ नोव्हेंबर

स्टेशनातून बाहेर पडायलाच मला दोन पानं लागली! पुनम म्हणते, आई, लोकांना माझ्या लग्नाला यायचंय, प्रबंध वाचायचा नाही.

दोष तिचाच. नवऱ्या मुलाकडची एकशे तीस माणसं कोल्हापूरहून येणार. त्यातल्या कुणी जळगाव पाहिलेलं नाही. तीच म्हणाली, तू दिवाळी अंकांत लिहितेस ना, मग त्यांच्यासाठी लिही – कुठे उतरायचं, काय खायचं, काय बघायचं. लेकीने सांगितलेलं लिखाणाचं पहिलंच काम. नाही कशी म्हणणार? हे म्हणाले, एका पानात आटप. यांना सगळंच एका पानात हवं असतं.

११ नोव्हेंबर

दिवसभर लिहीत होते, स्वतःशीच हसत होते. काही ओळी इथेही उतरवून ठेवते –

'महाराष्ट्र एक्स्प्रेसने सकाळी उतराल तेव्हा स्वेटर लागेल. दुपारी तोच हातात धरून हिंडावं लागेल.'

'सराफ बाजारात नुसतं बघायला म्हणून जाऊ नये. नुसतं बघून परत आलेलं माणूस अजून आमच्या पाहण्यात नाही.'

'शेवभाजी समोर आली की आम्हाला तिखटाची सवय आहे, असं म्हणू नये. वाढणारा ते मनावर घेतो.'

'वरण-बट्टीच्या पंगतीत नुसतं नको म्हणून भागत नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरावेत. तरी तूप पडेलच – बोटांवर.'

'मेहरूणची बोरं अजून पिकायची आहेत. त्यासाठी पुन्हा यावं लागेल.'

मग भरीत आलं. तिथे अडले.

या दिवसांत भरीत न खाता जळगावहून कुणी जाऊ नये, हे तर लिहायलाच हवं. पण मला माहीत आहे ते भरीत अक्काचं. हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली. लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचलेली. कांद्याची पात सगळ्यात शेवटी, आणि हात आखडता न घेता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, ताईबाई. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, ती सतराची. तिनेच मला वाढवलं.

सहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी तिच्यावर लिहिलं. धुळ्याच्या होस्टेलवर दर शनिवारी एसटीने डबा आणायची, मी खाईपर्यंत पायरीवर बसून राहायची – ते सगळं. नाव घातलं नाही. 'दूरच्या नात्यातली एक बाई' असं लिहिलं. उगाच गावात चर्चा नको, तिला अवघडायला नको. तरी गावात कळलंच. अक्का फोनवर एवढंच म्हणाली, 'वाचं मी.' आधी वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस राहून जायची. त्यानंतर एक रात्रही नाही. सणावारी फोन होतो, बोलणं गोडच असतं. पण येणं नाही.

आपल्याबद्दल लिहिलेलं तिला नको असतं, हे मी तेव्हा शिकले. म्हणून आज सावध राहिले. लिहिलं – 'भरताची ही रीत माझ्या परिचयातल्या एका गृहिणीची.'

१४ नोव्हेंबर

पाठवलं! चार पानं झाली. यांनी कपाळाला हात लावला.

नवऱ्या मुलाचे मामा दौलतराव यांचा लगेच फोन. त्यांनी प्रिंट काढून फाइलला लावलीय. एकेक गोष्ट करणार आणि पुढे खूण करणार. शेवभाजीचं मात्र त्यांना लागलेलं दिसतंय – कोल्हापूरच्या माणसाला तिखटाची भीती घालता होय, म्हणाले. म्हटलं, या तर खरं.

अक्कालाही पाठवलं, तिच्या मुलाच्या, स्वप्नीलच्या फोनवर. पत्रिका आधीच गेलीय. या लग्नाला तरी तिने आधी यावं, राहावं. पुनमला हळद लावायला तिचा हात हवा मला. बाकी सगळं झालं आणि तेवढं राहिलं तर काय उपयोग?

१५ नोव्हेंबर

अक्काचं काही नाही.

१७ नोव्हेंबर

स्वप्नीलचा फोन. त्याने तिला आख्खं वाचून दाखवलं. बट्टीच्या तुपाला खूप हसली म्हणे. भरीत आलं तशी उठली, म्हशीला पाणी दाखवायला गेली. म्हैस तर आत्ताच पाणी प्यायली होती, मावशी, असं तो म्हणाला.

केलंच मी पुन्हा! नाव नसलं तरी ती ओळखणारच ना. भरताचा परिच्छेद काढून टाकला आणि सुधारलेलं सगळ्यांना परत पाठवलं.

तासाभरात दौलतराव. 'ताई, भरीत कुठं गेलं ओ?'

२० नोव्हेंबर

सासूबाईंना आज सगळं सांगितलं. त्यांनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'बहीणले मूळ लावतस, पीडीएफ नही.'

खरंच की. मूळ म्हणजे घरच्या माणसाने जाऊन, मान देऊन, घेऊन येणं. मी तिला पाहुण्यांच्या यादीत घातलं. गाडी कुठली आणि रिक्षा कुठे मिळेल ते कळवलं!

२२ नोव्हेंबर

आम्हाला भाऊ नाही. मीच गेले. दोंडाईच्याला उतरले, तिथून रिक्षाने अक्काच्या गावात. सोबत साडी, नारळ, कुंकू.

अक्काने आधी ताट मांडलं. भरीतच होतं. ती जास्त बोलत नव्हती, वाढत मात्र राहिली. मला राहवेना. म्हटलं, अक्का, तुझ्याबद्दलचं होतं ते मी काढून टाकलंय.

तिचा वाढता हात थांबला. 'काढी टाकं?'

हो, सगळं, मी म्हणाले. मला वाटलं आता तिला बरं वाटेल.

कुंकू लावून घेतलं, साडी घेतली. मग म्हणाली, 'पोरनं लगीन शे, मी येसू. पन सांजले परत. मुक्काम नही.'

म्हणजे हळदीला नाहीच. गाडीत खिडकीशी बसून आले. पदराला अजून धुराचा वास आहे.

२९ नोव्हेंबर

कोल्हापूर उतरलं! घर, गल्ली, मंगल कार्यालय – सगळीकडे तेच. दौलतराव फाइल काखेत घेऊन फिरतायत. शेवभाजीने कान लाल झाले, टकलावर घाम आला, तरी गोडच आहे की म्हणत तिसऱ्यांदा रस्सा घेतला. त्यांच्या दोन बहिणी सराफ बाजार नुसता बघून आल्या. दोघींच्या हातांत डब्या. दौलतरावांनी त्यावरही खूण केली.

हळद लागली. पुनमच्या दातांनासुद्धा लागली, इतकी हसत होती. त्यांच्या बायका आमच्या गाण्यांवर नाचल्या, आम्ही त्यांच्या. मी पण नाचले. अक्कासाठी एक वाटी हळद बाजूला काढून ठेवलीय.

३० नोव्हेंबर

लग्न लागलं. माझी पुनम!

अक्का सकाळीच आली. आधी वाटीतली हळद पुनमच्या गालाला लावली, कोरडी झाली होती तरी. मग स्वप्नीलने जीपमधून वांग्यांचं पोतं उतरवलं. त्याच्यामागून बडगी! मी काही बोलले नव्हते तिला. दुपारी पंगती उठल्यावर कार्यालयाच्या मागे तिने पऱ्हाट्या पेटवल्या.

वासावर दौलतराव आले. फाइलमध्ये जुनी प्रत ठेवलेली, भरीतवाली. तेवढी एकच खूण राहिली होती त्यांची. दोनदा मागून खाल्लं. मग बोट ठेवून वाचलं आणि मला म्हणाले, 'ह्या परिचयातल्या गृहिणी कोण ओ? गाठ घालून द्या की.'

अक्का आमच्याकडे पाठ करून ठेचत होती. तिचा हात थांबला. त्या दिवशी वाढताना थांबला होता तसाच.

मला काय झालं कोण जाणे. म्हणाले, 'ही. ताईबाई. माझी सख्खी बहीण. हिनेच मला वाढवलंय.'

बोलले आणि घाबरले. दौलतरावांनी वाकून नमस्कार केला. अक्का वळली नाही. थोड्या वेळाने बडगीचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

सांजेला स्वप्नीलने जीप काढली. अक्का बसली नाही. त्याला म्हणाली, 'तू जाय.'

१ डिसेंबर

सकाळी मागच्या पायरीवर दोघी चहा घेत बसलो. पुनमशिवायचं घर, आणि अक्का घरात. मी घाबरतच विचारलं, काल सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, राग नाही ना आला?

तिने बशी खाली ठेवली.

'सहा वरीस लागनात तुले, माले बहीण म्हनाले.'