लिहिणाऱ्याचा काही संबंध नाही

श्री
मुक्काम अकोला, भाद्रपद वद्य ६, शके १७८७

चिरंजीव सौभाग्यवती गंगूस माय पार्बताबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे समदे खुशाल, तुह्या खुशालीची वाट पाहून राहिली.

गयासुद्दीन गाडीवान अमरावतीहून आला. त्यानं सांगतलं का तुले दिवस गेले, पाचवा सरून राहिला. काहून व पोरी, हे मले दुसऱ्याच्या तोंडून कळावं? मले लिहिता येत नाही, म्हनून तुह्या बाबाले कागद घेऊन बसवलं हाय. तू बाप्तिस्मा घेतला तवा त्यायनं बेलभंडार उचलला होता का या लेकीशी जन्मात बोलनार नाही. तीन वर्सं झाली, बोलले नाहीत. पन लिहिन्याची शपथ कुठं घेतली होती? हे मीच त्यायले सुचवलं.

(मी केवळ लिहिणारा. मजकूर हिचा, माझा काही संबंध नाही. तुला मोडी येत नाही म्हणून बाळबोध अक्षर काढावे लागते. हात दुखतो. — लिहिणारा)

तुह्यं पहिलं लेकरू तापानं गेलं, त्याचं तोंडबी मले पाह्यता आलं नाही. हे बाळंतपन माहेरीच झालं पाह्यजे. तुह्ये बाबा जातीचे पंच. ते म्हनतात, प्रायश्चित्त घेतलं तरच उंबरा. मी म्हनते, पोटुशी लेक काय अंगनात उभी ठेवाची?

(पंचानेच नेम मोडला तर बाकीच्यांस कोणत्या तोंडाने सांगावे, हे हिला चारदा समजावले. — लिहिणारा)

जिवाले जप. माया पातळ होऊ देऊ नको, एवढंच मांगनं.
तुही माय

अमरावती, ता. ३ अक्टोबर १८६५

तीर्थरूप माय हिला गंगूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. प्रभू येशूच्या कृपेनं आम्ही दोघं बरे आहोत. इथल्या शाळेत शिकले तसं लिहिते, मेली साहेबीण झाली म्हणून हसू नको.

बरे आहोत म्हणते खरं, पण तुझ्यापाशी काय लपवू? तिकडे अमेरिकेतली लढाई संपली अन् कापसाचा भाव धाडकन खाली आला. गेली दोन वर्षं ज्या गाड्यांना उसंत नव्हती, त्या आता झाडाखाली उभ्या आहेत. आमचा एक बैल रोगानं गेला. उरलेल्याला दुसऱ्याचा जोड लावून हे आगगाडीच्या रस्त्यावर खडी वाहतात. आठ-आठ दिवस घरी येत नाहीत.

माय, बाळ गेलं तेव्हा मी देवाशी फार भांडले. पाद्रीसाहेबांची मडम म्हणाली, भांड, त्याला ऐकू येतं. काहून नेलं म्हणून मी रोज विचारी. उत्तर काही आलं नाही. पण चूल पेटवायचं भान नव्हतं त्या दिवसांत कोणी ना कोणी भाकर घेऊन दारात उभं राही. गयासुद्दीनची हलीमाबी तर माझ्या तोंडात घास घालून जाई. मी उत्तर मागत होते अन् तो भाकर धाडत होता. हे मला फार उशिरा उमजलं. तेव्हापासून त्याच्यावर भरवसा टाकला आहे. दुःख गेलं नाही ग, पण मी एकटी नाही एवढं पक्कं कळलं. त्याचे उपकार मानते अन् झोपते.

म्हणून प्रायश्चित्त माझ्याच्यानं होणार नाही. ज्यानं मला तेव्हा धरून ठेवलं, त्याला मी ओळखत नाही असं पंचांपुढं कसं सांगू? अन् बाबांना वाळीत बसवून मिळालेलं माहेर मला नको. मी इथंच बाळंत होईन. तू फक्त डिंकाचे लाडू धाड.

लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार. त्यांच्याशी न बोलण्याची शपथ मी घेतलेली नाही, म्हणून विचारते. आमच्या बैलाचा खूर चिरला आहे, लंगडतो. काय करावं? बैलातलं त्यांच्याइतकं इकडे कोणालाच कळत नाही.

आहे तेवढा लोभ तरी राहू दे.
तुझी गंगू

श्री
मुक्काम अकोला, कार्तिक वद्य ३

(आधी बैल. कोमट पाण्यात मीठ घालून खूर धुवावा. आत खडा असेल तर काढावा. हळद तेलात कढवून चिरेत भरावी, वरून गोणपाट बांधावे. बरा होईतो खडीवर घालू नये. तुझ्या घरधन्यास, देवीदासास, सांगावे की बैल म्हणजे आगगाडी नव्हे. — लिहिणारा)

चिरंजीव गंगूस मायचे आशीर्वाद. पाह्य, माह्या आशीर्वादाच्या आंधी यायनं बैल घुसवला!

तुह्यं पत्र मले वाचून दाखवत होते. भाकरीच्या गोष्टीपाशी आले अन् डोळे पुसाले लागले. म्हनले, डोळ्यात कापूस गेला. घरात अजून एक बोंड आलं नाही, कापूस कुठचा?

(वारा होता. — लिहिणारा)

लाडू गयासुद्दीनच्या गाडीत धाडले. पोरी, तुहा तुह्या देवावर भरवसा हाय, आयकून बरं वाटते. पन माह्या जिवाले धीर निघत नाही. घरात मानूस नाही, कळा सुरू झाल्या तं तुह्या उशाशी कोन? मी जाते म्हनलं तं हे म्हनतात, पंचाची बायको ख्रिस्त्याच्या घरी राहून आली तं उद्या पंचायत आपल्याच ओट्यावर बसन.

(बरोबर लिहिले आहे. जाणे होणार नाही. — लिहिणारा)

तुह्या देवाले माह्या वाटचंबी सांग.
तुही माय

अमरावती, ता. २ जानेवारी १८६६

तीर्थरूप खुशालराव बाबांस गंगूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. माय इथं माझ्या उशाशी बसली आहे. म्हणजे घरी हे वाचायला तुमच्याशिवाय कोणी नाही. आता वाचावंच लागेल.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. हे आधी सांगून टाकते.

दोन दिवस अडले होते. हे खडीवर, निरोप पोचेना. सुईण मायला बाजूला घेऊन म्हणाली की दोघांतलं एक वाचलं तरी पुष्कळ. मला ते ऐकू आलं. माय तिच्या सगळ्या देवांना हाका मारत होती, मी माझ्या एकाला. हात मात्र आम्ही एकमेकींचेच धरले होते. शेवटी माझ्या तोंडात नीट प्रार्थनाही उरली नाही. एवढंच म्हटलं, प्रभू, ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने, पण हात सोडू नको. त्यावर कळा काही थांबल्या नाहीत, पण भीती गेली. उजाडता उजाडता पोरगी रडली. तिच्यापेक्षा माय जास्त रडली.

बाबा, तुमचे उपकार कसे मानू? माय म्हणते, लिही, मी पळून आलेली नाही. तिला घेऊन आलेल्या गयासुद्दीननं आम्हाला सारं सांगितलं. गाडीत कडबा अंथरून वर गोधडी तुम्हीच घातलीत. मायला जा म्हणाला नाहीत, पण त्याला बजावलंत की दगडावरून गाडी हळू ने. ती नसती तर मी आज हे लिहीत नसते. मी देवाकडे माणूस मागत होते, तुम्ही माझी माय धाडलीत.

बैल चालतो आहे. लाडू संपत आले. तुमच्यावर काय बेतलं ते कळवा, घोर लागला आहे.
तुमची गंगू

श्री
मुक्काम अकोला, संक्रांत, शके १७८७

चि. सौ. पार्बताबाईस आशीर्वाद. वि. वि. आज मजकूर सांगणारे कोणी नाही, तरी लिहायला बसलो. तुला वाचता येत नाही, तेव्हा हे वाचून दाखवणारी कोण, ते मला ठाऊक आहे.

पंच येऊन गेले. बायको कुठे म्हणाले. मी सांगितले, लेकीच्या बाळंतपणाला गेली; आई दुसरीकडे कुठे असते? त्यांतला आपला सोयरा म्हणाला, खुशालराव, नेम तुम्हीच घालून दिलेला. खरे आहे, घालून दिला होता. मी पंचपण सोडले आणि बैठकीतून उठलो. आता आपल्याकडे कोणी जेवायला येणार नाही. हाताने पिठले करतो, ते तसेही कोणी जेवले नसते.

तिचे पत्र आले तेव्हा, दोघी सुखरूप, हे वर वाचले होते. तरी अडल्याच्या ठिकाणी येऊन पुढे वाचवेना. देवघरात जाऊन हात जोडले. आपल्या देवाला म्हटले, तुझे उपकार झाले. आणि तिच्या त्यालाही म्हटले, बाबा रे, मी तुला ओळखत नाही, पण माझ्या लेकीचा हात तू सोडला नाहीस. मी सोडला होता.

आता वाचणारीने पुढचे मोठ्याने वाचू नये. ते तिचे आहे.

गंगे, तिळगूळ धाडला हाय. गोड बोल म्हनाची सोय मीच ठेवली नाही. बेलभंडार उचलला तो उचलला, मोडता येत नाही. कापूस घरात आला का मी माह्या गाडीतून तुहा पाळना घेऊन येतो. शपथ तुह्याशी न बोलाची हाय, नातीशी न बोलाची नाही. मी तिच्याशी बोलन, लय बोलन, तीन वर्सांचं साचलं हाय. तू फकस्त जवळ बसून राह्य.

तुहा बाप