मूळ प्रत कपाटात

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली साष्टांग कागदावरच घालतो, राग मानू नये.) तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? निघालं नसेल तर एका परीने बरंच आहे, कारण हे पत्र वाचून तू तडक इकडे यायला निघशील अशी मला भीती आहे. इकडे सगळं ठीक. आईची तब्येत चौऱ्याऐंशीच्या मानाने ठणठणीत आहे, माझी बेताची, आणि हिची माझ्याशी लग्न झाल्यावर जशी असायची तशी.

फोनवर तू तीनदा विचारलंस की फोटोंचं काय झालं, आणि तिन्ही वेळा मला तुझा आवाज येईनासा झाला. आवाज येत होता. पण फोनवर मला सुचत नाही, कागदावर जरा विचार करून कबूल होता येतं.

तर आधी आनंदाची बातमी. अकरा वर्षांनी आई आणि मावशी एका सोफ्यावर बसल्या. मावशीने चार गिऱ्हाइकांदेखत "अक्का, तुझी शिलाई हल्ली वाकडी जाते" म्हटल्यापासून आईने तिचं नाव टाकलं होतं, ते तू जाणतेसच. तिकडे पाय उशीवर ठेवून दोघींना फोन करकरून हे जमवलंस तूच. येता येत नाही म्हणून फोटोची सक्ती केलीस तीही तूच, आणि कॅमेरा पाठवला तुझ्याच चिरंजीवांनी. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हे तू शांतपणे ठरवावंस.

कॅमेऱ्यासोबत भाच्याने एक नखाएवढं कार्ड पाठवलं होतं, आणि ते नखाएवढं ज्यात सरकवायचं असं टपालाच्या तिकिटाएवढं दुसरं. त्या दुसऱ्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. फोटो राहतात नखात. तिकीट केवळ कॅमेऱ्याची खाच भरावी म्हणून. हे त्याने मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा हो म्हटलं. (मुलगा हुशार आहे, पण "कळलं का मामा" असं फार वेळा विचारतो.) अ‍ॅडॅप्टरच्या कडेला एक इवलासा खटका असतो, तो खाली सरकला की कार्डाला कुलूप लागतं. पहिले तीन दिवस कॅमेरा कुलूप आहे, कुलूप आहे म्हणत होता आणि मी घरभर किल्ली शोधत होतो. शेवटी हिने तो खटका नखाने वर केला, वर चिकटपट्टी मारली आणि मला काहीही म्हणाली नाही. ते न म्हणणं मला अजून ऐकू येतं.

मग मी सराव केला. तू मला ओळखतेस, हातात घेतलेलं काम मी अर्धवट करत नाही. बादली, पंखा, जिना, हिची पाठ (चेहऱ्याला परवानगी नव्हती), आणि माझा अंगठा, जो बहुतेक फोटोंत आपण होऊन आला. दोनशे बारा फोटो झाले.

आता चूक. मी बत्तीस वर्षं ऑफिसच्या दफ्तरखान्यात काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद हरवला नाही. त्याचं कारण एकच नियम: मूळ प्रत संध्याकाळी कपाटात, फळीवर नुसतं कव्हर. त्या नियमाप्रमाणे मी रोज संध्याकाळी नखाएवढं कार्ड अ‍ॅडॅप्टरमधून काढून, पाकिटात घालून, वर 'मूळ' असं लिहून कपाटात ठेवत होतो. अ‍ॅडॅप्टर राहायचा कॅमेऱ्यात. सकाळी मूळ परत आत. त्या रविवारी मावशी अकराला येणार होती ती पावणेदहालाच येऊन ठेपली. यात नियमाचा दोष नाही, मावशीचा आहे.

ती आली ती दारातच उभी. हातात एक कापडी पिशवी, बंद तुटलेला. आईने ती पिशवी ओळखली, तिनेच शिवलेली, वीसेक वर्षांपूर्वी. मावशी म्हणाली, "दुसऱ्या कोणाकडे दिली नाही दुरुस्तीला." आईने शिवणाचा चष्मा लावला, सुई ओवली आणि सोफ्यावर थोडी सरकून बसली. सरकली म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मावशी शेजारी बसली. बंद शिवून झाला, आणि मग शिलाई सरळ आली आहे असं मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली. मग आईही. ताई, मलाही राहवलं नाही, पण मी फोटो काढत होतो. त्रेचाळीस काढले. खटाखट आवाज येत होता, प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर चार सेकंद दिसत होता, दोघींना मी ते दाखवतही होतो. मावशी फक्त स्वतःकडे बघत होती. कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकत होती, ती मला कंपनीचं नाव वाटली. (माझा चष्मा कपाळावर होता.) अंगठा एकाही फोटोत आला नाही.

सोमवारी फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कार्ड काढलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "काका, हे नुसतं कव्हर आहे." कव्हर म्हणजे काय हे मला शिकवायला निघालेला हा पहिलाच माणूस. मी त्याला दफ्तरखान्याविषयी थोडं सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच समजलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. कार्ड नसलं तरी हा कॅमेरा आवाज करतो, चित्र दाखवतो, फक्त ठेवत काही नाही. दुकानदाराने पाणी दिलं. मूळ प्रत घरी कपाटात सुरक्षित होती. तिच्यात बादली आहे.

तेव्हापासून मी हे हिच्याशिवाय कोणालाही सांगितलेलं नाही. मावशी रोज सकाळी आईला फोन करते की फोटो आले का, आई म्हणते नाही आले, आणि मग त्या दोघी पाऊण तास माझ्या वेंधळेपणाबद्दल बोलतात. त्या विषयावर त्यांचं कधी नव्हे इतकं एकमत आहे. काल मी लहानपणी शाळेत जाताना दप्तर घरी विसरून फक्त डबा घेऊन गेलो होतो, ती गोष्ट निघाली. आई हसली, ताई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी दाराआड उभा होतो आणि माझी अब्रू चालली होती, पण मला हलवेना.

बाकी क्षेम. पायावर जोर देऊ नकोस, भाच्याला आशीर्वाद, आणि या पत्रातलं त्याला निम्मंच सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलं. फोटो मिळाले आणि छान आलेत असं तू दोघींना सांगशील का? कोण कशी दिसते ते मात्र सांगू नकोस, नाहीतर पुन्हा अकरा वर्षं.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समज. आईला सगळं ठाऊक आहे. पत्र पाकिटात घालताना तिने विचारलं की ताईला कार्डाचं लिहिलंस का. मी म्हटलं, कसलं कार्ड? तर म्हणाली, "त्या लाल अक्षरांत 'नो कार्ड' लिहिलं होतं. नो म्हणजे नाही, एवढं इंग्रजी मला येतं, आणि डोळ्यांवर शिवणाचा चष्मा होता." मग तेव्हाच का नाही सांगितलंस, असं विचारलं तर ती उठून आत गेली.

ता. क. तिसरा. फोटो बिघडले, परत बसावं लागेल, असं आईनेच मावशीला फोनवर सांगून टाकलं. मावशी रविवारी येते आहे. यावेळी मी आजपासूनच नखाएवढं कार्ड अ‍ॅडॅप्टरमध्ये, अ‍ॅडॅप्टर कॅमेऱ्यात, खटका वर, चिकटपट्टी नवी, असं सगळं हिच्यासमोर करून ठेवलं. आत्ता आई येऊन विचारून गेली, घातलंस का रे कार्ड? मी छाती फुगवून हो म्हटलं.

म्हणाली, "काढ."