पीळ वाळल्याशिवाय सोडू नकोस

कोर्कोर,

मी बाजारात दुकान उघडायला जातेय. झाकणाखाली मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा आहे, खाऊन जा. उपाशीपोटी हॉटेलातल्या मुलाखतीत नुसती रडशील.

"देदे, तू माझं डोकं बोडलंस!" हा तुझा काल संध्याकाळचा तमाशा अख्ख्या चाळीने ऐकला. अगं बये, आपल्या दोघी बहिणींचे कुरळे केस ओले असताना ओढले की खांद्याला टेकतात आणि वाळले की कानापर्यंत चढतात. जन्मापासून चढताहेत! मी फक्त दुभंगलेली टोकं छाटली. पुडीत ठेवलीत, नखाएवढीही नाहीत. बघून झालं की जाळून टाक, कुणाच्या हाती लागायला नकोत.

केस मी काल घातलेल्या पिळातच पूर्ण वाळू देत, म्हणजे लांबी टिकेल. मग तळहाताला शियाच्या बियांचं लोणी चोळून एकेक पीळ उलगड. कंगवा लावलास तर हात मोडीन.

हॉटेलवाले म्हणाले म्हणे, "केस नीट करून या." नीटच आहेत! डोक्यावर उगवलं त्याची लाज कसली? असेच घेऊन जा, आणि मान वर ठेव.

आणि मावशीने आणलेला, केस सरळ करायच्या औषधाचा डबा शोधत बसू नकोस. त्याने माझ्या टाळूला आलेले फोड तूच पुसलेस ना? मी तो सकाळी न्हाणीघराच्या मोरीत ओतला. महिनाभर तुंबलेली मोरी घटकेत मोकळी झाली.

मावशीला सांग, औषध फार गुणाचं आहे.

देदे