पिपाला झोपवायची रीत

सिग्नेट, टास्मानिया
५ फेब्रुवारी १९८४

ती. ग्रेटा आत्यास,
मेरीचा सा. न.

तू ख्रिसमसला केलेलं आमंत्रण मी विसरलेली नाही. सप्टेंबरच्या सुट्टीत मेलबर्नला येणार म्हणजे येणार. पण बाबा म्हणतात, बोटीचं भाडं तू मिळव, खायचंप्यायचं ग्रेटा बघेल. माझ्याएवढे असताना त्यांनी म्हणे स्वतःच्या कमाईची सायकल घेतली होती. खरं काय ते तूच सांग, तू त्यांची बहीण.

तर मी कामाला लागलेय. पहिल्यांदा पाद्रीबाबांच्या अंगणातलं गवत कापलं. गवताबरोबर त्यांच्या बायकोची डेलियाची रोपंही साफ झाली, त्यामुळे तिथलं आमंत्रण पुन्हा येणं कठीण. मग रस्त्याच्या कडेला टेबल मांडून जर्दाळू विकायला बसले. पण इथे ज्याच्या त्याच्या परसात जर्दाळूचं झाड, विकत कोण घेणार? सगळे थांबून गप्पा मारून गेले. निम्मे जर्दाळू मीच खाल्ले.

आता मात्र बरं काम मिळालंय. समोरच्या नोरीन हॅलोरनला सारखं होबार्टच्या इस्पितळात जावं लागतं आणि तिचा नवरा क्लाइव्ह मासेमारीच्या बोटीवर असतो. शाळा सुटली की त्यांच्या पिपाला सांभाळायचं, बस. अडीच वर्षांची आहे, गोड आहे. गवतापेक्षा नक्कीच सोपं.

आई सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरायला जाऊ लागली आहे. उत्तर लवकर धाड. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
मेरी

मेलबर्न
१९ फेब्रुवारी

चि. मेरी हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बाबाने सायकल घेतली होती हे खरं. तिला ब्रेक नव्हते आणि निम्मे पैसे माझे होते, हेही खरं. त्याला म्हणावं, ग्रेटा अजून वाट बघतेय.

पिपाचं काम घेतलंस, छान केलंस. पण बालवाडीत इतकी वर्षं काढलेल्या बाईचं एक ऐक. गवत कापून झालं की ते आपल्या मागे घरी येत नाही. मूल येतं. तू तिथून निघालीस तरी ते तुझ्या डोक्यात खेळत राहील, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

नोरीनला झालंय तरी काय? तुझ्या आईने मला काहीच लिहिलं नाही. ती काही लिहीत नाही तेव्हा मला काळजी वाटते.

जपून राहा. आत्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी,
ग्रेटा आत्या

सिग्नेट
६ मे

ती. आत्यास,
सा. न.

नोरीन गेली. ईस्टर झाला आणि चारच दिवसांत. आजार आधीपासूनच हाताबाहेर गेला होता, आईला माहीत होतं, मला कुणी बोललं नव्हतं. सगळं गाव चर्चमध्ये होतं तेव्हा मी पिपाला घेऊन धक्क्यावर बसले होते. घंटा वाजली तेव्हा तिने मला विचारलं, कोण आलं? मी तिला बिस्किट दिलं.

क्लाइव्हने मला नेहमीसारखं येत जा म्हणून सांगितलंय. शनिवारी तो पैसे देतो तेव्हा हात पुढे करायची लाज वाटते. आई म्हणते, काम करतेस ना, मग घ्यायचे. 

आणखी एक सांगायचंय. परवा बूट घालताना पिपाने मला आई म्हटलं. सहज, पाणी मागावं तसं. क्लाइव्ह दारातच होता. तो मागे जाऊन लाकडं फोडू लागला, अंधार पडेपर्यंत फोडत होता. मी ओ दिली, आत्या. आता ती रोज म्हणते. मला फार बरं वाटतं आणि नोरीनची आठवण झाली की तितकंच वाईट. हे बाबांना कळवू नकोस.

तू रागावणार नाहीस या भरवशावर,
मेरी

मेलबर्न
१४ मे

चि. मेरी,
आशीर्वाद.

रागावले नाही.

पण राणी, त्या हाकेला ओ देऊ नकोस. जी गेली तिची जागा तिचीच राहू दे. आज ना उद्या तू शाळेसाठी, कामासाठी गाव सोडशील. त्या पोरीने दोनदा आई का गमवावी? तिला जवळ घे, पण सांग, मी मेरी. जितक्या वेळा म्हणेल तितक्या वेळा सांग. जड जाईल, ठाऊक आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ग्रेटा आत्या

सिग्नेट
२२ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

उशीर झाला, माफ कर. तू सांगितलंस तसंच केलं. पहिल्या दिवशी ती हसली, तिला खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी चिडली. मग तिने मला कुठल्याच नावाने हाक मारणं सोडून दिलं. हवं ते बोटाने दाखवायची. आठवडाभर घरात तिचा आवाज नव्हता. मला वाटलं तुला पत्र लिहून भांडावं. आणि मग एका दुपारी माझ्या मांडीवर चढून म्हणाली, “मेरी, तू पण जाशील?”

मी म्हटलं, “मी कुठे जातेय? मी इथेच आहे.”

परवा गुरुवारी शाळेतून थेट तिकडे गेले, तर क्लाइव्ह एकटाच टेबलाशी बसलेला. त्याची आई पार उत्तर किनाऱ्यावरच्या बर्नीहून येऊन सकाळीच पिपाला घेऊन गेली. बोटीवर जाणाऱ्या माणसाला एकट्याने पोर सांभाळणं होत नाही, ते मला कळतं. निरोप घेतला असता तर ती रडली असती, म्हणून म्हणे मी शाळेत असताना नेली. क्लाइव्हने माझ्या हातात पाकीट दिलं, वर म्हणाला, “तू नसतीस तर आमचं काय झालं असतं, मेरी.” पाकिटात जास्तीचे होते. बोटीचं भाडं जमलं, आत्या. मला ते मोजावंसंही वाटेना.

घरी येऊन मी जेवले नाही. आई म्हणाली, काम होतं, संपलं, दुसरं मिळेल. ती वाईट मनाने नाही म्हणाली. पण मी पिपाला खोटं सांगितलं ना, आत्या? मी इथेच आहे, आणि ती नाही.

मेरी

मेलबर्न
३० जुलै

चि. मेरी,

तू खोटं बोलली नाहीस. तुझ्या हातात होतं तेवढंच तू बोललीस. मी सांगितलं ते तुला किती महागात पडलं, तेही मला कळतंय.

घरात कुणी मेलं की शेजारी जेवण घेऊन येतात. तुझ्याकडे कुणी येणार नाही, कारण तुझं काही गेलंय हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. माझ्या आलंय. सप्टेंबरमध्ये ये. कुठे फिरलो नाही तरी चालेल.

तुझीच,
ग्रेटा आत्या

बर्नी
१९ ऑगस्ट

कु. मेरिडिथ नेसबिट हिस,
एडना हॅलोरनचा नमस्कार.

आपली गाठ पडलेली नाही, मेरीचं पूर्ण नाव क्लाइव्हने दिलं. मी पिपाची आजी. पत्र लिहिण्याचं कारण, पोर झोपत नाही. दुपारी नाही, रात्री तर नाहीच. मी पाच मुलं वाढवली, पण हिच्यापुढे हात टेकले. गाणी म्हणून पाहिली, मांडीवर घेऊन पाहिलं. ती मला ढकलते आणि मेरी मेरी करते. क्लाइव्हला विचारलं तर म्हणतो, ते मेरीलाच ठाऊक.

तू काय करत होतीस ते कळवशील तर उपकार होतील.

एडना हॅलोरन

सिग्नेट
२३ ऑगस्ट

श्रीमती हॅलोरन यांस,
मेरिडिथचा सा. न. वि. वि.

तिला मांडीवर घेऊ नका, तिला उकडतं. पाठीवर निजवलं तर उठून बसते, कुशीवर वळवा, तोंड भिंतीकडे. तुम्ही उशाशी नको, पायाशी बसा आणि एक पाऊल हातात धरून ठेवा. थोपटायचं नाही, नुसतं धरायचं.

गाणं तिला नको असतं. मी तिला धक्क्यावरच्या बोटींची नावं सांगायची, हळूहळू, एकामागून एक. शेवटची नेहमी तिच्या बाबांची. तुमच्याकडे मोठ्या आगबोटी लागतात, त्यांची घ्या. सुरुवातीला ती म्हणेल, ही नाही, मेरीच्या बोटी. तेव्हा आमच्या सांगा, नावं या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली आहेत. नंतर रोज त्यात तुमची एक घालत जा आणि आमची एक काढत जा. तिला कळणार नाही.

तिने माझं विचारलं तर मेरी कंटाळून गेली असं तेवढं सांगू नका. पुढे कधीतरी ती विचारायची थांबेल. ते मला कळवलं नाहीत तरी चालेल.

लोभ तिच्यावर असू द्यावा.
आपली,
मेरिडिथ