टिकलीभोवतीचं कडं

३ तारीख, सोमवार
लागलो एकदाचा कामाला! कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, तुझं डोकं तुला कुठेच टिकू देणार नाही. आता बघा म्हणावं पांढरा कोट! खरं कारण फक्त इथे लिहितो: माझी नर्स याच मजल्यावर आहे. ‘माझी’ हे तिला अजून ठाऊक नाही.

काम सोपं. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना ताप आला की तोंडातल्या फोडांवरून स्वॅब (कापूस लावलेली काडी) फिरवायचा, लॅबच्या मॅडमना द्यायचा. त्या तो प्लेटवर पसरतात, वर औषधांच्या टिकल्या ठेवतात. टिकलीभोवती स्वच्छ कडं पडलं तर ते औषध चालतं. जंतू टिकलीला भिडले, तर वाया. मॅडम म्हणाल्या, या पोरांनी इतकी अँटिबायोटिक्स गिळलीत की जंतू निर्ढावलेत.

पाच वर्षांची टकली चिमणी मला ‘काडीदादा’ म्हणते. मी म्हणतो, आ कर. ती आधी मला आ करायला लावते.

५, बुधवार
चिमणीला ताप. फोडांनी तोंड उघडेना. जबरदस्तीने काडी घातली, तर कडकडून चावली. बोटातून रक्त. बाहेर माझी नर्स एका डॉक्टरशी खिदळत होती, डोकं आधीच फिरलेलं. नवी काडी घेतली, जिन्यात जाऊन स्वतःच्या गालात फिरवली आणि काडीच्या नळीवर चिमणीचं नाव लिहिलं. तोंड ते तोंड. काय फरक पडतो!

७, शुक्रवार
प्रत्येक टिकलीभोवती हे एवढं कडं. मॅडम चकित झाल्या, हिचे जंतू इतके लेचेपेचे कसे? पण खूश. डॉक्टरांनी साधं औषध सुरू केलं. चिमणीच्या आईने माझे हात धरले. म्हणाली, दादा, तुमच्या हाताला गुण आहे.
हात सोडवून घेतले.

९, रविवार
ताप उतरत नाही. सांगायला मॅडमच्या दारापर्यंत गेलो. तिथे माझी नर्स उभी. तिच्यासमोर कसं — परत फिरलो. शी.
गुपचूप चिमणीचा खरा स्वॅब घेतला. शहाण्यासारखं तोंड उघडलं तिने. म्हणाली, तेव्हा चावले ना, सॉरी.
मॅडम जेवायला गेल्यावर प्लेट लावली. माझीही एक लावली.

११, मंगळवार
चिमणीची प्लेट. एकही कडं नाही. दाखवायची तर पहिला स्वॅब कुणाचा, ते सांगावं लागेल. कपाटामागे लपवली.
माझ्या प्लेटवरही कडं नाही. शुक्रवारी तर होतं — माझंच होतं —
जंतू वाढलेत तेही दातांच्या खुणेसारखे. बोटावर आहे, तशीच खूण. बारीक, दुधाचे दात.

१२
बोट काळं. जिभेवर फोड. चिमणीला आयसीयूत नेलं. तिची आई माझ्याकडे बघून हसली. हसली!

१३, सकाळ
मॅडमसमोर उभा राहिलो. फोडांनी जीभ हलेना. त्या म्हणाल्या, बघू तोंड. दात आपोआप मिटले — त्यांच्या बोटावर. रक्त. त्या हात धुवायला धावल्या —
वही टेबलावर ठेवतोय. मॅडम, आधी ५ तारीख वाचा. औषध बदला, लगेच. तो स्वॅब तिचा नव्हता, माझ्या —
मागे कोण — आयसीयू तर खाली —
म्हणतेय, काडीदादा, आ क