उभी कापलेली लेन्स

प्रिय बाबा,

अक्षरं तुम्हाला आता दिसत नाहीत, म्हणून हे पत्र आई मोठ्याने वाचेल. आई, एकही वाक्य गाळू नकोस, आणि मोतीबिंदूचं नाव निघताच बाबा उठून जायला लागले तर दाराला कडी लाव.

बाबा, प्रदर्शनासाठी आम्ही परवा कॅमेऱ्याची एक लेन्स उभी कापली. तुमच्याच कारखान्यातली, तुमच्याच काळातली. आता कपाळाला हात लावू नका, ऐका तरी. काचा हलू नयेत म्हणून आधी आत पारदर्शक राळ ओतून ती घट्ट होऊ दिली. मग पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या चकतीने हळूहळू कापत गेलो. माझा जीव नुसता टांगणीला! दोन भाग वेगळे झाले, कापलेली बाजू घासून चकचकीत केली, आणि मी बघतच राहिले.

बाहेरून साधा काळा डबा. आत मात्र एकामागे एक काचा, कुठली फुगीर, कुठली खोलगट, दोन तर अशा चिकटवलेल्या की सांधा शोधावा लागतो. मध्ये पितळेच्या बारीक कड्या. आणि प्रत्येक काचेच्या कडेला तुमचा तो काळा रंग, कुठे ओघळ नाही की ठिपका नाही. लहानपणी मला वाटायचं, काचेच्या कडा रंगवायच्या, हे काय काम झालं! कडेवर आपटून भलतीकडे उधळणारा उजेड तो रंग गिळतो, म्हणून फोटो स्वच्छ येतो, हे आता डोळ्यांनी पाहिलं. जिथे कुणी कधी डोकावणार नाही, तिथे इतकं नेटकं काम! ऊर भरून आला, बाबा. ऑफिसातल्या एकेकाला हाताला धरून नेऊन दाखवलं.

कारखान्यातलं तुमचं टेबल आठवलं. तिथे कुणी बोलायचं नाही, श्वासाने काच धुरकट होते म्हणून. लेन्स पास झाली की तुम्ही बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायचात. मी एकदा तिच्यावर वाकून "अय्या!" म्हणाले आणि तुमची सकाळची मेहनत पाण्यात गेली. तुम्ही रागावला नाहीत, फक्त माझ्या तोंडावर हात ठेवलात. पुढे घरीही चहा जमला की तीच टकटक. आई म्हणते, हल्ली चहा कपाबाहेर ओतता आणि टकटकही करत नाही.

दोनदा तुम्ही दवाखान्याच्या दारातून परत आलात. म्हणे, "मी न तपासलेलं भिंग माझ्या डोळ्यात जाणार नाही." बरोबर आहे तुमचं. म्हणून काल मीच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि पेशंटना दाखवायला ठेवलेलं तसलंच एक भिंग मागितलं. त्या हसल्या, पण दिलं. काचा तपासायचा तुमचा जुना आयग्लास डोळ्याला लावला, श्वास रोखला, उजेडासमोर धरून पाहिलं. पृष्ठभाग पाहिला, कड पाहिली, पुन्हा पाहिली. तुम्ही शिकवलंत तसंच. मग त्यांच्या टेबलावर दोनदा टकटक केलं. त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळेल. सोमवारी न्यायला येते.

तुमचीच,
ठमी